तात्यांनी न सांगितलेला चहा

सखाराम तात्यांनी किती ड्रायव्हर पास केले आणि किती परत धाडले, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. कागदावर ते कुठंही लिहिलेलं नाही. पास झालेल्या एकूण एक ड्रायव्हरचा चहा मी माझ्या हातानं केला आहे, त्यामुळं निकाल मालकाच्या आधी मला कळायचा. तोंडं आठवतात अजून, नावं विसरले. एकाचं तेवढं नाव विसरत नाही. त्याला तात्यांनी पास केलंच नव्हतं, आणि तरी तो पास झाला. ते कसं झालं हे मी घरात कधी बोलले नाही, आमच्या ह्यांच्याजवळसुद्धा नाही. आता सांगायला बसलेच आहे तर आधी तात्या कसे होते ते नीट सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढ्याशा चहाचं काय घेऊन बसली ही बाई.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. माहेर इंदापूरचं, सासर बारामतीचं. आमचे हे माळेगावकडं बांधकामावर गवंडीकाम करायचे, आठवड्यातून एकदा घरी. मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, अशा आम्ही दोघी इंदापूर रस्त्याला चहाचं हॉटेल चालवत होतो. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक चूल आणि एक बाकडं. समोर ट्रकांचा अड्डा. त्या अड्ड्याचा जो मालक, त्याच्याच जागेत आमचे पत्रे उभे. त्याच्या मनात आलं तर दुपारपर्यंत आमची चूल उचलावी लागली असती. आमच्या शेजारच्या पानवाल्याची तशी उचलली होती, तेही कुठल्याशा फालतू बोलण्यावरनं. म्हणून आम्ही दोघी मालकासमोर खालमानेनं असायचो.

मालक मूळचा बागायतदार. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या तेव्हा त्यानं चार-पाच घेतल्या आणि गूळ मुंबईला न्यायला सुरुवात केली. पहिल्याच हंगामात त्याची एक गाडी पुण्याच्या पुढं मोठ्या घाटात कोसळली. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही गेले. त्यानंतर मालकानं इंदापुराहून तात्यांना बोलावून घेतलं. नवा ड्रायव्हर आला की आधी तात्यांनी बघायचा, मगच त्याच्या हातात चावी.

तात्या लढाईत ड्रायव्हर होते, तिकडं ब्रह्मदेशाच्या डोंगरांत. तिथनं येताना डावा पाय ताठ करून आले होते. गुडघा वाकतच नव्हता. त्या पायानं क्लच दाबता यायचा नाही, म्हणून स्वतः गाडी चालवणं संपलं. अड्ड्यावरची माणसं सुरुवातीला हसायची. "लंगडा घोडा आन् शर्यतीचा पंच," असं मालकाचे दिवाणजी त्यांच्या पाठीमागं म्हणायचे. तात्यांच्या कानावर ते गेलं असणार, कारण त्यांच्या कानावरनं काहीच सुटत नसे. पण ते कधी उलटून बोलले नाहीत. सकाळी इंदापूरच्या एसटीनं यायचे. खाकी सदरा, खाली धोतर, पायात मिलिटरीचे बूट. डावा पाय ओढून चालायचे, त्यामुळं त्या बुटाचं टोक पार झिजलेलं. येऊन आमच्या बाकड्यावर बसायचे, ताठ पाय समोर पसरून. जाणारा येणारा त्या पायाला वळसा घालून जायचा.

आत्याबाईंचं आणि त्यांचं रोज ठरलेलं. "तात्या, पाय जरा आवरा की, गिऱ्हाईक अडखळतंय."

"अडखळू द्या. अडखळला तर कळंल तरी, बघत बघत चालतंय का आंधळ्यावानी येतंय."

"म्हंजी माझ्या गिऱ्हाइकाची बी परीक्षा?"

"तुमचा चहा पिऊन जगलं त्येच पास की, आत्याबाई!"

असं बोलायचे आणि स्वतः हसायचे नाहीत. आत्याबाई मात्र पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्यांची परीक्षा माणूस अड्ड्यात शिरला की सुरू व्हायची. गाडीत बसायच्या आधीच निम्मे लोक नापास व्हायचे आणि त्यांना पत्ताही नसायचा. त्या गाड्या पुढून लोखंडी हँडल घालून फिरवून चालू करायच्या. हँडल कधी उलटा झटका देतं. त्याच्याभोवती अंगठा गुंडाळून धरलं तर मनगट मोडतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून धरायचं, म्हणजे झटका आला तर हात सुटून येतो. तात्या एवढंच बघायचे, अंगठा कुठं आहे.

एकदा फलटणकडचा एक ड्रायव्हर आला. पुढचा एक दात सोन्याचा, गळ्यात रेशमी रुमाल. अड्ड्यात आल्या आल्या त्यानं खिशातनं लायसन काढून तात्यांपुढं धरलं.

"पुण्याचं हाय. धा वर्सं चालवतोय."

तात्या म्हणाले, "ठेव खिशात. गाडी का खिशानं चालवतोस? जा, चालू कर."

तो गेला, हँडल धरलं, एका फटक्यात गाडी चालू केली आणि सोन्याचा दात दाखवत वळला. तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, एकच चहा."

इथं तुम्हाला त्यांची रीत सांगायला पाहिजे. तात्या कुणालाही तोंडावर पास-नापास म्हणत नसत. परीक्षा झाली की ते बाकड्यावर येऊन चहा सांगायचे. "दोन चहा" म्हणाले, की एक त्यांना आणि एक त्या ड्रायव्हरला, म्हणजे तो पास. "एकच चहा" म्हणाले, की तो फक्त त्यांचा. ड्रायव्हरला मग ते अड्ड्याच्या कडेच्या बाभळीखाली घेऊन जायचे आणि काय चुकलं ते हळू आवाजात सांगायचे, चारचौघांत पाणउतारा नको म्हणून. मालक आणि दिवाणजी समोरच्या ओट्यावरनं बघत असायचे. ड्रायव्हरच्या हातात कप दिसला की दिवाणजी खिळ्यावरची चावी काढून उठायचे. कुणी ठरवून अशी रीत घातली नव्हती, आपोआप पडली होती. पण अड्ड्यावर तीच सरकारी मोहोर होती म्हणा ना.

तो सोन्याच्या दाताचा माणूस शिव्या देत गेला. पुढच्या पंधरवड्यात तो पुन्हा आमच्या हॉटेलात आला, तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात बांधलेला. दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीवर लागला होता, तिथं हँडलनं उलटा झटका दिला. तात्यांच्या समोर मुकाट्यानं बसला. तात्यांनी तो हात बघितला. त्याच्या बशीत चहा स्वतः ओतून दिला, कारण त्याला एका हातानं ओतता येईना.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. ड्रायव्हरला काटेवाडीपर्यंत जाऊन परत यायला सांगायचे. आला की विचारायचे, "वाटंत बैलगाड्या किती लागल्या?" उसाचे दिवस, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. एकदा एकजण म्हणाला, "तात्या, मी रस्त्याकडं बघत व्हतो. गाड्या काय मोजायच्या?"

"रस्ता म्हंजी नुसती खडी न्हवं बाबा. रस्त्यावर माणसं असत्यात."

दुसऱ्यानं सांगितलं, "अकरा. शेवटच्या गाडीत उसावर म्हातारी झोपलीया. गाडीवान बी पेंगतोय. बैलच ओढत्यात." तात्यांनी तोंड न उघडता मला दोन बोटं दाखवली.

आणि तिसरी परीक्षा घाटाची. आता बारामतीत घाट कुठला? तळहातासारखा सपाट मुलूख. पण आमच्या हॉटेलाच्या मागच्या अंगाला कालव्याचा पूल होता. रस्ता भरावावर चढायचा आणि पलीकडं चांगला लांब उतरायचा. भरलेली गाडी घेऊन ड्रायव्हरनं तो चढ चढायचा, उतार उतरायचा, वळवून परत यायचं. तात्या त्या वेळी गाडीत बसत नसत, तिकडं बघतही नसत. बाकड्यावर डोळे मिटून बसायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं झोप लागली. मी कप उचलायला गेले तर म्हणाले, "हलू नगंस."

मी घाबरून तशीच उभी. लांबवर गाडीचा आवाज चढत होता, मग पुलावर सपाट झाला, मग उतरायला लागला. घुरर्र असा, जनावरानं ओझं रोखून धरावं तसा.

"गिअरात हाय," तात्या म्हणाले, आणि डोळे उघडले.

मग मला समजावून सांगितलं. मी अडाणी बाई, पण त्यांना माझ्या अडाणीपणाचं काही वाटायचं नाही. म्हणाले, उतारावर काही ड्रायव्हर गिअर काढून गाडी मोकळी सोडतात. तेल वाचतं, पायाला आराम मिळतो, गाडी पाखरासारखी जाते. मग तिला आवरायला नुसता ब्रेक उरतो. छोट्या उतारावर काही होत नाही. मोठ्या घाटात ब्रेक तापतो, आणि तापला की धरत नाही. "आन् ही सवय अशी की, माणसाला तोंडानं विचारलं तर न्हाय म्हनल. पाय आपोआप करतो. म्हणून ऐकायचं."

 मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तिकडं डोंगरात आमच्या गाड्यांची रांग असायची. धुकं इतकं, की पुढची गाडी दिसायची न्हाय. ऐकू यायची फकस्त. एखादीचा आवाज मधीच बंद व्हायचा. मोकळी सोडली म्हंजी. मग लई वेळ काय बी ऐकू यायचं न्हाय, पोरी. लई वेळ."

त्या दिवसापासनं मलाही सवय लागली. चूल फुंकता फुंकता कान पुलाकडं जायचा. आवाज नीट उतरतोय तोवर बरं वाटायचं. कधी मधेच शांत झालं की मी फुंकणी टाकून बाहेर यायची. बघितलं तर गाडी हळूच रस्त्यानं येत असायची, काही झालेलं नसायचं. पण ती शांतता वाईट होती.

माघ संपत आला होता, गुऱ्हाळं जोरात. मुंबईला जाणारी गाडी गुळानं भरून अड्ड्यात दोन दिवस उभी. तिचा नेहमीचा ड्रायव्हर तापानं पडलेला, क्लीनरही त्याच तापानं. मालकानं माणसं बोलावली. दोन दिवसांत तिघांना तात्यांनी परत धाडलं. मालकाचं डोकं फिरलं होतं. ओट्यावरनं ओरडायचा, "तात्या, तुमाला ड्रायव्हर पायजे का द्येव पायजे?" तात्या म्हणायचे, "माणूसच पायजे. परत येणारा."

तिसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्याचा भिवा आला. पंचविशीचा असेल, अंगानं दणकट, डोळ्यांनी गरीब. आधी कुणाचा तरी ट्रॅक्टर चालवत होता, मग लायसन काढून जवळपासच्या गावांना गाडी न्यायचा. घाट बघितलेला नव्हता. बरोबर बायको होती, कडेवर तान्हं मूल. ती का आली होती ते मला नंतर कळलं. काम मिळालं तर दोघं बारामतीतच राहायची होती, घरात भावाभावांचं पटत नव्हतं म्हणून भांडी-बोचकं घेऊनच निघाली होती. परत जायला तोंड नव्हतं. पहाटे कुणाच्या तरी बैलगाडीत बसून आलेली, अन्नाचा कण पोटात नाही. आमच्या पत्र्याच्या सावलीत बोचक्यावर बसली आणि नवऱ्याकडं बघत राहिली.

भिवानं हँडल बरोबर धरलं. बैलगाड्या नीट मोजल्या. आत्याबाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "ह्यो पास हुतोय बघ." मग तो घाटाच्या परीक्षेला गेला. तात्यांनी डोळे मिटले. गाडी चढली, पुलावर आली, उतरायला लागली आणि आवाज बंद झाला.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. गाडी खाली जाऊन पुन्हा गुरगुरायला लागली तेव्हा म्हणाले, "पोरी, एकच चहा." तो घाईनं प्यायले. नंतर कालव्यावर तोंड धुवायला गेले. प्रत्येक परीक्षेनंतर जायचे. ताठ पायानं काठ उतरून परत यायला त्यांना बराच वेळ लागायचा.

भिवा गाडी लावून आला. बाकड्याजवळ उभा राहिला, बसला नाही. तात्या आले की बाभळीखाली नेणार, हे त्याला कुणी तरी सांगितलं असावं. त्याच्या बायकोच्या कडेवर मूल रडत होतं, तिला दूधही येत नसावं. माझ्यानं बघवेना. पातेल्यात चहा होता. मी कपात ओतला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, "घे बाई, पोटात काय तरी पडू दे."

एवढंच मी केलं. दिला तो तिला दिला, देवाशपथ.

तिनं कप घेतला आणि लगेच वळून नवऱ्यापुढं धरला. त्याच्या आधी ती कशी पिणार? मी तरी प्याले असते का? आमच्यातली कुठलीच बाई प्याली नसती. भिवानं तो घेतला, बाकड्यावर तात्यांच्या रिकाम्या कपाशेजारी बसला आणि प्यायला लागला.

ओट्यावर दिवाणजी उठले. खिळ्यावरची चावी त्यांनी काढलेली मी बघितली. रस्ता ओलांडून ते येईपर्यंत मला चांगला वेळ होता. "अवो, तो चहा त्याचा न्हाय," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भिवाच्या बायकोलाही कळलं दिवाणजी का येताहेत ते. तिचा चेहरा असा उजळला बघा, की मी तोंड मिटलं. दिवाणजींनी चावी भिवाच्या हातात दिली. मी खाली बसले आणि चूल फुंकायला लागले. पेटलेलीच होती.

तात्या काठ चढून आले, तोंड पुसत. बघितलं तर भिवाच्या एका हातात कप, एका हातात चावी.

ते सरळ ओट्याकडं गेले. "मालक, ह्याला घाटात नगा धाडू. इंदापूरला धाडा, फलटणला धाडा. दोन महिन्यांत मी तयार करतो. घाट नगं."

मालक म्हणाला, "आता? चहा पाजून?"

"कसला चहा?"

"त्यो काय त्येच्या हातात! ह्या चार माणसांनी बघितला. आन् तुमी न्हाय सांगितला, तर मग दिला कुणी?"

तात्या वळले. आधी भिवाच्या बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली होती, तरी त्यांची नजर मला कळली. आत्याबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्या आपल्या बशा विसळत होत्या. मालकाचा आवाज चढला. "बोला की. कुणी दिला? माझ्या जागंत बसून माझ्या कामात कोण हात घालतंय, कळू द्या मला बी."

तात्यांना आमच्या पत्र्यांचं माहीत होतं. पानवाल्याचंही माहीत होतं.

"मीच सांगितला," ते म्हणाले. "इसरलो व्हतो."

"मग झालं तर! शब्द दिला तुमी. माल आज निघणार."

 तात्या भिवाजवळ आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, बाभळीखाली नेलं नाही. "उतारावर गिअर काढलास व्हय रं?"

"न्हाय, तात्या."

"बरं," तात्या म्हणाले. "क्लीनर न्हाय ना गाडीला? मी येतो संगं."

दिवाणजी हसले. "तुमी? घाटात? लढाईपासनं पुण्याच्या म्होरं पाऊल न्हाय टाकलं म्हणताय ना?"

"आता टाकतो."

भिवा चौथ्या दिवशी परत आला. एसटीनं आला, एकटा. मालकाकडं जाऊन आला, मग आमच्या बाकड्यावर बसला. आत्याबाई घरी गेल्या होत्या. तात्या गेल्याची बातमी आम्हाला आदल्या दिवशीच कळली होती, पण कसे गेले ते कळलं नव्हतं. तो आपणहून सांगायला लागला, माझ्याकडं न बघता.

"पुण्यापतोर तात्या कायबी बोललं न्हाईत, वैनी. घाट लागला तवा म्हणालं, आता मी सांगीन तसंच करायचं. गिअर घाल म्हणालं, घातला. हळू म्हणालं, हळू घेतली. निम्म्याच्या खाली आलो. ब्रेकाचा वास यायला लागला. म्हणालं, थांबीव, गार हू दे. वळणावरच थांबीवली. हातब्रेक नावालाच व्हता. म्हणालं, तू पाय ब्रेकावरनं उचलू नगंस, मी चाकाला दगड लावतो. उतरलं. म्होरं दगडी कठडा, मधी तात्या. मला वाटलं लागला दगड. पाय थरथरत व्हता. उचलला." त्यानं दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून दाखवलं. "हातभर सरली गाडी. हातभरच. दुसरा कुणी असता तर बाजूला झाला असता. त्यांचा पाय वाकत न्हवता."

मी म्हटलं, "भिवा, तो चहा तात्यांनी सांगितला न्हवता. मी दिला होता तुझ्या बायकोला. तू पास न्हवतास."

मला वाटलं होतं तो चिडेल, मला शिव्या देईल. मला त्या पाहिजे होत्या.

"ठावं हाय मला," भिवा म्हणाला. "उतारावर गिअर मीच काढला ना. माझं मला ठावं न्हवतं व्हय? तरी चावी घेतली." मग म्हणाला, "घरी न्हाय सांगितलं. तिला वाटतंय तात्यांनी मला पास केलं व्हतं. लई मोठेपणानं सांगती कुणाकुणाला."

तो पुन्हा गाडीवर चढला नाही. दोघं कोऱ्हाळ्याला परत गेली, भावांच्या हाताखाली उसात राबली. अड्ड्यावर मात्र तात्यांचं नाव गेलं. दिवाणजी जो येईल त्याला सांगायचे, म्हाताऱ्याचे कान गेले होते शेवटी, नको त्याला पास केला आणि स्वतःच मेला. लोक हो हो म्हणायचे. मी चहा देत असायची. पत्रे जागेवर होते, चूल जागेवर होती. मी ऐकून घ्यायची.

मालकानं त्यानंतर परीक्षा ठेवलीच नाही. येईल त्याला चावी. मला तो पूल नकोसा झाला. गाड्या उतरायला लागल्या की मी मुद्दाम भांडी वाजवायची.

तात्यांना मी शेवटचं बघितलं ते गाडी अड्ड्यातनं बाहेर पडताना. उन्हं कलायला लागली होती. गाडीवर गूळ इतका भरलेला की दोऱ्या करकरत होत्या. भिवानं गाडी चालू केली. तात्या डाव्या बाजूनं चढले. आधी चांगला पाय पायरीवर टाकला, मग दोन्ही हातांनी ताठ पाय उचलून आत घेतला. तो मावेना. दार लागेना. शेवटी त्यांनी दार अर्धं उघडंच ठेवलं आणि एका हातानं आतून धरून ठेवलं. भिवाची बायको मुलाचा हात धरून टाटा करत होती. मालक ओट्यावर पान लावत होता. मी पदराला हात पुसत रस्त्यापर्यंत आले. तात्यांनी एकदा इकडं बघावं, रागानं का होईना बघावं, एवढंच मनात होतं.

गाडी माझ्यासमोरनं गेली, हाताच्या अंतरावरनं. तात्यांचं तोंड दिसत नव्हतं. ते पार खाली वाकले होते, डोकं भिवाच्या गुडघ्यापाशी. डोळे टक्क उघडे ठेवून ते त्याच्या पायांकडं बघत होते. तसेच वाकलेले, वर मान न करता, रस्त्याच्या वळणापर्यंत. आणि वळणावर गाडी आडवी झाली तेव्हा, लांबनं बघणाऱ्याला वाटलं असतं, की ड्रायव्हरच्या शेजारी कुणी बसलेलंच नाही.